हरिहर चढलो, पण व्हिडिओत नुसता जिना दिसतोय

आधीच सांगून टाकतो, कॅमेरा माझा नाहीये. आमच्या ऑफिसात एक बुलेटवाला आहे (प्रत्येक ऑफिसात एक असतोच), त्याने लडाखला जायच्या आधी हा अॅक्शन कॅमेरा घेतला, हेल्मेटला लावला, तिकडून आल्यावर आठवडाभर एकेकाला डेस्कवर बोलावून व्हिडिओ दाखवले आणि तेव्हापासून कॅमेरा त्याच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलरच्या शेजारी पडून होता. मी शनिवारी हरिहर किल्ल्यावर ट्रेकला चाललोय म्हटल्यावर तोच म्हणाला, घेऊन जा रे, नुसता पडून पडून बॅटरी बसेल त्याची.

कंपनीचं नाव घेत नाही कारण पुढे मी थोडी कुरकुर करणार आहे आणि त्यातली निम्मी चूक माझीच आहे. तसंही आपल्याकडे छातीवर किंवा डोक्यावर बांधायचा कुठलाही कॅमेरा असला तरी लोक त्याला गोप्रोच म्हणतात, जसं वनस्पती तूप म्हटलं की डालडा. ट्रेकला अख्खा दिवस मला लोक "गोप्रो आहे का दादा" विचारत होते आणि मी हो हो करत होतो, कोण समजावत बसणार.

तर पहिला प्रॉब्लेम पट्ट्याचा. बुलेटवाला अंगाने भरलेला आणि मी म्हणजे हँगरला शर्ट. छातीवर बांधायचा तो पट्टा, म्हणजे खांद्यांवरून दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या येतात आणि छातीभोवती एक आडवी, मध्ये प्लास्टिकची प्लेट ज्यावर कॅमेरा बसतो, तो शेवटपर्यंत आवळला तरी माझ्या पोटावर लोंबकळत होता. शुक्रवारी रात्री मी आरशासमोर उड्या मारून बघत होतो आणि कॅमेरा डुगडुग डुगडुग, तर आई म्हणाली काय चाललंय तुझं, आण तो इकडे. तिने मशीन काढली आणि तिन्ही पट्ट्यांना दोन दोन इंच आत घेऊन डबल टाके मारले, इलॅस्टिक ओढून धरून शिवावं लागतं नाहीतर टाका तुटतो असं मला ऐकवत ऐकवत. दहा मिनिटांत पट्टा अंगाला असा बसला की मापाचा शिवून घेतलाय.

मला तेव्हा एकदम आठवलं की हा सगळा कारभार सुरूच मुळात पट्ट्यापासून झालाय. गोप्रोवाला निक वुडमन २००२ मध्ये ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडे सर्फिंगला गेला होता, लाटेवर असताना आपलेच फोटो काढता यावेत म्हणून त्याला कॅमेरा मनगटाला बांधायचा होता, आणि पट्टे शिवायला त्याने आईची शिलाई मशीन वापरली. कॅमेरा नंतर आला, २००४ मध्ये, आणि तोही ३५ एमएमचा रोल टाकायचा, डिजिटल पण नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग त्याने आईला कंपनीत हिस्सा दिला का? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कर्ज पण आईकडूनच घेतलं होतं हे मी मुद्दाम सांगितलं नाही, उगाच विषय माझ्यावर आला असता.

आता डोक्यावर का नाही लावला, तर मावसभावाने आधी डोक्यावर लावून एक ट्रेक शूट केलाय आणि तो व्हिडिओ बघून मला मळमळलं होतं. माणूस चालताना किती वेळा मान फिरवतो हे आपल्याला स्वतःला कळतच नाही. खाली दगड बघ, वर फांदी बघ, मागे मित्र बघ, कॅमेरा पण बिचारा तेवढ्या वेळा वळतो. छाती त्या मानाने शहाणी, सरळ राहते, आणि फ्रेममध्ये आपले हात-गुडघे येतात त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं आपणच चालतोय. शिवाय आतमध्ये स्टॅबिलायझेशन असतंच, कॅमेरा फ्रेमच्या कडा थोड्या कापतो आणि त्या उरलेल्या जागेत चित्र इकडेतिकडे सरकवून धक्के खाऊन टाकतो. भारी आहे ते खरंच, उन्हात. झाडीत अंधार असला की मात्र तेच चित्र मधूनच थरथरतं.

पहाटे साडेचारला नाशिकहून निघालो, आम्ही तिघं, मी, मावसभाऊ आणि आमचा डॉक्टर (डॉक्टर नाहीये, सॅकमध्ये अख्खं मेडिकल घेऊन फिरतो म्हणून). त्र्यंबकेश्वरला चहा, मग पुढे पायथ्याचं निरगुडपाडा. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस उघडलेला पण ढग खाली, बांधांवर सोनकी पिवळीधमक. गाडीतून उतरल्या उतरल्या मी कॅमेरा चढवला आणि बटण दाबलं, बीप झालं, सुरू.

आणि इथेच माशी शिंकली.

छातीवरचा कॅमेरा चालू आहे की बंद हे आपल्याला दिसत नाही. स्क्रीन आपल्या छातीकडे, पुढचा लाल दिवा जगाकडे. चालू करताना एक बीप आणि बंद करताना जास्त बीप, एवढाच काय तो पुरावा, आणि वाऱ्यात मोजणार कोण. मी काय केलं, गावातून निघताना दाबलं, मध्ये कधीतरी बंद करायचं म्हणून दाबलं ते बहुतेक नीट दाबलंच गेलं नाही, आणि तिथून पुढे सगळं उलटं. मला वाटायचं बंद आहे तेव्हा तो चालू आणि मला वाटायचं चालू आहे तेव्हा तो बंद. घरी येऊन बघितलं तर झाडाआड गेलेलो ते आहे, लिंबू सरबत पितानाचं ग्लासच्या बुडाचं शूटिंग आहे, सव्वीस मिनिटं डॉक्टर त्याच्या प्लॉटच्या सात-बाराबद्दल बोलतोय ते आहे, अगदी क्लिअर आवाजात. सोंडेवरून (डोंगराची पुढे आलेली लांब धार) पहिल्यांदा समोर किल्ल्याच्या पायऱ्या दिसतात तो क्षण नाही.

ज्यांनी हरिहर बघितला नाही त्यांच्यासाठी, सोंडेच्या टोकाला गेलं की समोर एकसंध काळा कातळ उभा राहतो आणि त्याच्या अंगात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ सरळ वर जातात, खालून बघताना मान दुखते. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या आहेत, शेकडो वर्षं लोकांनी बोटं घालून घालून गुळगुळीत झालेल्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले तेव्हा ठिकठिकाणी वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, पण हरिहरच्या पायऱ्या बघून कॅप्टन ब्रिग्ज इतका चाट पडला की या तशाच ठेवल्या असं सांगतात. त्या खोबणीत बोटं घातली की ते पटतं. आत पाणी साचलेलं असतं, थंडगार, आणि बोटांना वाळूचे बारीक कण लागतात.

पायऱ्यांच्या खाली मी मोठ्या रुबाबात बटण दाबलं. बीप. चढायला लागलो. पंचवीस-तीस पायऱ्या वर गेल्यावर मला शंका आली, बीप एक झालं का तीन. आता छातीकडे मान वाकवून बघतोय तर कॅमेऱ्याची फक्त वरची कड दिसते. डॉक्टर वर गेलेला, मावसभाऊ खाली दहा माणसं सोडून. मी एका हाताने खोबण धरली आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा चाचपत लाल दिव्याचा उजेड कातळावर पडतोय का बघायला लागलो. मागून आवाज आला,

"ओ दादा, चला ना पुढं, हात भरून आले माझे."

"हो काकू, एकच मिनिट."

"एक मिनिट बिनिट नाही, आधी वर चढा, फोटो वर जाऊन काढा निवांत."

तिच्या खालून अजून कोणीतरी ओरडलं, थांबलाय बघा रीलवाला. मी रीलवाला! आयुष्यभर अशा लोकांना पायऱ्यांवर शिव्या घातल्यात मी. त्या पायऱ्यांवर एका वेळी एकच रांग जाते, वरून कोणी येत असेल तर त्याला अंग चोरून जागा द्यायची, आणि एक माणूस थांबला की खालचे सगळे त्या ओल्या खोबण्यांना धरून लटकलेले. काकू पन्नाशीच्या तरी असतील, नऊवारी नाही पण पाचवारी साडी खोचलेली, पायात काळे प्लास्टिकचे बूट, मी ट्रेकिंगच्या पाच हजाराच्या बुटात थरथरतोय आणि ती माझ्या टाचेला टेकून उभी. कानाची पाळी गरम झाली माझी. पटकन बटण दाबलं, काकू परत एकदा ओरडल्या आणि सुटलो वर.

त्या दाबण्याने तो चालू झाला, तेवढं नशीब. म्हणजे माझ्याकडे पायऱ्यांचा वरचा भाग आहे. त्यात काय आहे? कातळ. कारण पायऱ्या एवढ्या उभ्या आहेत की चढताना छाती दगडाला चिकटते, त्यामुळे कॅमेऱ्याला दीड फुटावरचा काळा दगड, त्यावरचं शेवाळ, माझी चार बोटं, परत दगड. पट्टा छान बसला होता, एक इंच हलला नाही, सगळं काही स्थिर, स्थिर दगड. मधूनच कॅमेरा दगडाला घासल्याचा आवाज, खर्रर्र, प्रत्येक खर्ररला मला बुलेटवाल्याचा चेहरा आठवत होता. लेन्सवरची काच बदलता येते म्हणतात, बदलावी लागली नाही.

दरवाजातून वर गेलं की कड्याच्या पोटात खोदलेला बोळ लागतो, वरचा कातळ एवढा खाली की वाकून जावं लागतं, एका बाजूला दरी. तिथे कॅमेरा जमिनीकडे बघतो त्यामुळे तिथलं शूटिंग म्हणजे लोकांच्या चपला. पण त्या बोळातून बाहेर पडतानाचा एक शॉट आलाय, अंधारातून उजेडात जाताना सगळं एकदम पांढरं होतं आणि मग हळूहळू त्यातून समोरचा बसगड किल्ला उमटतो, ढगासकट. तीन-चार सेकंद. मी ठरवून काढायला गेलो असतो तर कधीच जमलं नसतं. अख्ख्या व्हिडिओत मला तेवढंच आवडतं.

मग परत पायऱ्या, जास्त वाकड्या, आणि मग माथा. मारुती, तळं, ती घुमटीसारख्या छपराची दगडी कोठी, माकडं. माकडांचं जरा सांभाळून, आमच्या शेजारच्या ग्रुपची पार्ले-जीची पिशवी गेली. सगळ्यात वरच्या टेपाडावर जाऊन बसलो तर एका बाजूला ब्रह्मगिरी-अंजनेरी आणि दुसरीकडे वैतरणेचं पाणी. म्हटलं टाइमलॅप्स लावू, ढग पळताना भारी दिसतील. कॅमेरा दगडावर ठेवला, ऊन आलं होतं, वारा पडलेला, वीस मिनिटांनी बघतो तर तापून बंद. हात लावला तर इडलीसारखा गरम. चालताना वारा लागतो म्हणून टिकतो, एका जागी उन्हात ठेवला की घाम फुटतो त्याला. त्यात दुसरी बॅटरी डॉक्टरच्या सॅकमध्ये आणि डॉक्टर झोपलेला. फोर-केवर शूट करत होतो, एक बॅटरी सव्वा-दीड तास जेमतेम.

उतरताना पायऱ्यांकडे तोंड करूनच उतरायचं, शिडीसारखं. म्हणजे परत दगड.

आता घरचा भाग. कार्ड लॅपटॉपला लावलं आणि बघतो तर फाइलींचा बाजार. हा कॅमेरा एक लांब क्लिप अखंड ठेवत नाही, चार-चार जीबीचे तुकडे पाडतो, आणि नावात तुकड्याचा नंबर आधी, क्लिपचा नंतर. त्यामुळे नावाने लावल्या की सगळ्या क्लिपांचे पहिले तुकडे एकत्र, दुसरे एकत्र, मी अर्धा तास हरिहर चढून मध्येच परत खाली गावाबाहेर चालत होतो. तारखेने लावल्या तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आणि जागा किती खातं, ६० एमबीपीएसला (म्हणजे सेकंदाला ६० मेगाबिट) मिनिटाला साडेचारशे एमबी, तासाला २७ जीबी. त्यातले जवळपास १२ जीबी डॉक्टरचा सात-बारा.

एडिटिंगला दोन रात्री गेल्या. पहिला कट २३ मिनिटांचा झाला. पंधरा मिनिटांच्या वरचं टाकायला यूट्यूबवर फोन नंबर व्हेरिफाय करावा लागतो, ते पण करून बसलो, मग मावसभाऊ म्हणाला तेवीस मिनिटं दगड कोण बघणार, तुझी सासू? (लग्न झालेलं नाही माझं.) कापून ११ वर आणला. मागे एक गाजलेलं गाणं टाकलं होतं, तर अपलोड होता होताच कॉपीराइट क्लेम येऊन पडला. मग गाणंच काढून टाकलं, ओरिजिनल आवाज ठेवला. वारा, बुटांचा आवाज, पट्ट्याचं कुचकुच, आणि माझ्या धापा. माइक छातीवर म्हणजे फुप्फुसाच्या दारातच, दुसरं काय येणार.

काकूंचा आवाज ठेवावा की नाही यावर मी बराच विचार केला. चेहरा कुठे येत नाही, नाव नाही, नुसता आवाज. आणि तो नसला तर व्हिडिओत मी मोठा ट्रेकर दिसतो जो काही खरं नाही. ठेवला. खाली डिस्क्रिप्शनमध्ये माफी पण लिहिली, पायऱ्यांवर थांबलो ते चुकलं, तुम्ही खाली सोंडेवरच चालू करून या आणि मग हात लावू नका.

टाकल्या टाकल्या फॅमिली ग्रुपवर लिंक. आता यूट्यूब आधी कमी क्वालिटीचं व्हर्जन तयार करतं आणि एचडी नंतर, हे मला माहीत असून घाईत लिंक टाकली, त्यामुळे सगळ्या नातेवाइकांनी पहिल्या दहा मिनिटांत जे बघितलं ते धुरकट. काकाने लिहिलं "धुके छान". आत्याने हात जोडलेले.

तीन दिवसांत ३४० व्ह्यूज झाले, माझ्यासाठी खूप आहेत, त्यातले चाळीस तरी मी स्वतः असेन. कमेंट आल्या. निम्म्या काकूंवर, "काकू रॉक्स" वगैरे. एकाने मात्र लांबलचक लिहिलं की असले व्हिडिओ टाकून टाकूनच हरिहरवर शनिवार-रविवारी मुंगीला जागा राहिली नाही, पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं, लोक व्हिडिओ बघून चपला घालून येतात. मला आधी राग आला, मग उत्तर लिहायला बसलो तर सापडेना. मी स्वतः पहिल्यांदा हरिहरचं नाव व्हिडिओतच ऐकलं होतं. शेवटी "बरोबर आहे" एवढंच लिहिलं आणि व्हिडिओच्या सुरुवातीला शेवाळाची आणि बुटांची पाटी टाकायची राहिली म्हणून ती निदान पिन केलेल्या कमेंटमध्ये टाकली.

पण माझं खरं दुःख वेगळंच आहे. व्हिडिओत चढ दिसतच नाही! ज्या पायऱ्यांवर माझे गुडघे लटपटले त्या स्क्रीनवर सोसायटीच्या जिन्यासारख्या दिसतात. डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं की लेन्स एवढा वाइड की जवळचं बोट हे मोठं आणि जरा लांबचं सगळं बारीक करून चपटं करतो, शिवाय कॅमेरा माझ्या छातीसोबत मागे झुकलेला, फ्रेममध्ये क्षितिज नाही, झाड नाही, मग उभं काय आणि आडवं काय हे डोळ्याला कळणार कशावरून. चढ दाखवायचा तर बाजूनेच बघायला पाहिजे. मावसभावाने खाली सोंडेवर थांबून त्याच्या साध्या मोबाइलवर एक फोटो काढलाय, कातळाच्या कडेला मुंग्यांसारखी माणसांची रांग आणि मागे मोकळं आभाळ, त्या एका फोटोत जे आहे ते माझ्या सत्तर जीबीत नाही.

आईने व्हिडिओ टीव्हीवर लावून बघितला, अकराच्या अकरा मिनिटं, मध्ये कुकरची शिट्टी झाली तर पॉज करून गेली. संपल्यावर पहिलं काय म्हणाली, पट्टा छान बसलाय. दुसरं,

"एवढ्याशा जिन्याला एवढा दम लागतो तुला? उद्या जाऊन छाती दाखवून ये."

मी तिला फोटो दाखवला, उतार समजावला, लेन्स समजावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली ते ठीके, पण दाखवून ये.

सोमवारी कॅमेरा पुसून, कार्ड रिकामं करून ऑफिसात नेला. बुलेटवाल्याने तिथेच शर्टावरून पट्टा चढवून बघितला, येत्या रविवारी त्याची राइड होती. एक हात गेला, दुसरा गेला, छातीचा हुक काही केल्या लागेना. श्वास सोडून बघितला, पोट आत घेऊन बघितलं, अकाउंट्सच्या दोघांनी दोन बाजूंनी ओढून बघितलं. टाके तसूभर हलले नाहीत, डबल मारलेत. शेवटी त्याने पट्टा उतरवून माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, मी हेल्मेटलाच लावतो, हा तूच ठेव, आणि आईला विचार माझ्यासाठी एक मोठा शिवून देतील का.